फुकट आलेल्या मालाची पडताळणी

मला वाटलं होतं, मी कॉम्प्युटरसाठी मुक्त प्रणाली घरी आणली की बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतील, आई हात पुसत येऊन विचारेल, "म्हणजे हे सगळं आपलं?" आणि मी, एवढ्या लांबून शिकून आलेली त्यांची मुलगी, किंचित गहिवरून म्हणेन, "हो, आपलं. सगळ्या जगाचं, आणि म्हणून आपलं." (हे वाक्य मी विमानात तयार केलं होतं. दोनदा वहीत लिहूनही काढलं होतं.)

प्रत्यक्षात बाबांनी मॉनिटरवर टॉवेल टाकला.

"हे काय?" मी विचारलं.

"असू दे. बघत असलं तर."

"कोण बघत असलं तर?"

"ते तू सांगायचं. आणलंयस तू."

ठरवलं होतं अगदी छोटंसं काम. आमचा घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. तो सुरू होईपर्यंत आईची दोन काजं करून व्हायची. रोज सकाळी त्याच्यावर एक लाल चौकट यायची आणि तुमचं संरक्षण संपलं आहे असं सांगायची. आई ती चौकट बंद करायची आणि कामाला लागायची. फारच अडलं तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं जायचं. त्याला सगळी गल्ली 'फॉरमॅट' म्हणते, कारण आवाज येत असो, प्रिंटरची शाई संपलेली असो की नुसती धूळ बसलेली असो, त्याचा इलाज एकच असतो.

आणि मी तर चार वर्षं मुक्त ज्ञान आणि समाज हा विषय शिकून आले होते. प्रबंध लिहिला होता. सभांना गेले होते, घोषणा असलेले टी-शर्ट घातले होते, निदान एक घर तरी मुक्त करीन अशी एका टेकडीवर मैत्रिणींसमोर शपथ घेतली होती. म्हटलं, सुरुवात आपल्याच घरापासून. रविवारी सकाळी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली. अर्ध्या तासात जुना कॉम्प्युटर तरणाताठा झाला. आईच्या फाइली मी आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या परत जागेवर ठेवल्या. चित्रांसाठी एक छान ॲप घेतलं. मग घरच्यांना हाक मारली.

आता आमच्या घरच्यांबद्दल सांगायला हवं.

बाबा बस डेपोच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्या काळात सहीशिवाय एकही नट बाहेर गेला नाही, असं ते सांगतात. त्यांच्याबरोबर काम केलेले मेकॅनिक सांगतात की नट बाहेर गेलाच नाही. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी घरात नवी वस्तू आली की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कुणी मागितली, कुणी पाठवली, कुणी घेतली?

आई पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास घेते. चार मशिनं आहेत, गळ्यात कायम टेप असते. गेली चार वर्षं ती लहान मुलांच्या कपड्यांच्या कटिंगवर पुस्तक लिहीत होती. चौसष्ट आकृत्या, सगळ्या तिने स्वतः एका बोटाने आणि माउसने काढलेल्या. पुस्तक पूर्ण झालं होतं. प्रेसवाल्याने बजावून सांगितलं होतं, "बाई, शनिवारी दहाला फाइल हातात पाहिजे. सोमवारपासून शाळेच्या वह्यांची छपाई सुरू होते. चुकलात तर पुढचं वर्ष." आईने कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती खडूने गोल केला होता. कापडावर खूण करायच्या खडूने. दोनदा पुसला गेला, दोनदा परत काढला.

अशा आठवड्याच्या रविवारी मी क्रांती केली. (हो, मला कळतं. आता कळतं.)

"किंमत?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"आत्ता नाही. नंतर?"

"नंतरही नाही, बाबा."

"मग देतात कशाला?"

"जगभरात हजारो लोक हे बनवतात. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. आणि बनवून सगळ्यांना वाटून टाकतात!"

बाबांनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे प्रकरण गंभीर. "म्हणजे हजार अनोळखी माणसांनी केलेली वस्तू. पावती नाही, मागणी नाही. आणि ती तू ऐन वेळी तुझ्या आईच्या पुस्तकाच्या उरावर आणून ठेवलीस."

"पण यात लपवलेलं काहीच नाही. प्रत्येक ओळ उघडी आहे. कुणीही वाचू शकतं!"

"तू वाचलीस?"

"मी... म्हणजे कुणी ना कुणी वाचतंच."

"कोण?"

मी विषय बदलला. तेवढ्यात आई आली, तिने टॉवेल घातलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी परत आल्यापासून तीन महिने ती माझ्याकडे तसंच पाहत होती. "एक विचारू? शिकून झाल्यावर तिथे लागलेली नोकरी तू सोडलीस, की..."

"आई, मी माझ्या मनाने आलेय. इथे काम करायला."

"पगार?"

"अजून नाही."

"म्हणजे तूसुद्धा फुकट," आई म्हणाली आणि बाबांनी आदराने तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर पासवर्डचं झालं. घरात सगळ्यांना समान अधिकार असावेत, असं माझं तत्त्व आहे. म्हणून मी बाबांनाही प्रशासकाचं, म्हणजे काहीही टाकता-काढता येईल असं, खातं दिलं. (या एका वाक्यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.) काळ्या खिडकीत, जिला टर्मिनल म्हणतात, पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही. बाबांनी एका बोटाने चार अक्षरं दाबली आणि थांबले.

"अक्षरं कुठे जातायत?"

"जात नाहीत. दिसत नाहीत फक्त."

"दिसत नाहीत म्हणजे गेली."

"सुरक्षेसाठी असतं ते."

"कुणाच्या?" असं म्हणून त्यांनी कीबोर्ड उचलून खाली पाहिलं. खाली आईची एक सुई सापडली. ती त्यांनी पुरावा म्हणून बाजूला ठेवली.

आईचा संशय मात्र वेगळ्या जातीचा होता. तिला कोण बघतंय याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तिने नव्या ॲपमध्ये आपली फाइल उघडली, पानाच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरचा चौकोन काढला, तो छापला आणि गळ्यातली टेप काढून मोजला.

"पाच. बरं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा छापला, पुन्हा मोजला.

"आई, काल मोजलास ना?"

"काल कालचा होता. छापताना अर्धा सेंटिमीटर कमी झाला ना, की पोराचा हात बाहीत अडकतो. मग ते पोर रडतं, आणि त्याची आई पुस्तक लिहिणारीला शिव्या देते."

तरी काम होत होतं. मला वाटलं, हळूहळू विश्वास बसेल. आणि नेमक्या त्याच दिवशी पत्त्यांचा खेळ गायब झाला.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मंगळवारी हवामान सांगणारं ॲप गेलं. बुधवारी नकाशे गेले, गाणी वाजवणारं गेलं, आकाशातले तारे दाखवणारं गेलं. गुरुवारी तर गणकयंत्र गेलं. काल होतं, आज नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला चौकोन सोडून काही दिसत नाही." बाबांना विचारलं. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मी तुला आधीच सांगितलं होतं, अनोळखी लोक आहेत."

माझा पहिला संशय गेला फॉरमॅटवर. त्याचं गिऱ्हाईक मी तोडलं होतं. मी तडक त्याच्या दुकानात गेले. तो एका उघड्या लॅपटॉपवर वाकला होता आणि पेन अडकवावा तसा स्क्रूड्रायव्हर त्याने कानावर अडकवला होता.

"तुम्ही या आठवड्यात आमच्या घरी आला होता?"

"बोलावलंत तर येतो, ताई. काय झालंय? फॉरमॅट मारू?"

"ॲप गायब होतायत. रोज."

"व्हायरस."

"आमच्याकडे लिनक्स आहे. व्हायरस नाही."

"मग चोर."

"चोर गणकयंत्र कशाला नेईल?"

त्याने कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला. "व्हायरस नाही, चोर नाही. मग ताई, घरातलंच कुणीतरी असणार."

इतकं सरळ उत्तर इतक्या सहज देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसला नाही. परतताना मी तीन वेळा मागे वळून पाहिलं. तोही दारात उभा राहून माझ्याकडेच पाहत होता. (त्याच्या बाजूने पाहिलं तर ते स्वाभाविक होतं.)

मग मला आठवलं की ही प्रणाली सगळ्याची नोंद ठेवते. नोंदींची फाइल उघडली. तिथे सगळं स्पष्ट होतं: रोज दुपारी तीन दहा ते तीन चाळीस, एकामागून एक ॲप काढलेलं. आणि काढणाऱ्या खात्याच्या जागी लिहिलं होतं, बाबा.

आता तुम्हाला वाटेल, उलगडा झाला. मला नाही वाटलं. तीन दहाला बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेले असतात. ज्या माणसाने कीबोर्डखाली अक्षरं शोधली, तो काळी खिडकी उघडून आज्ञा देईल? अशक्य. अर्थ एकच होता: जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कुणीतरी माझ्या भोळ्या बाबांचा पासवर्ड चोरला होता आणि आमच्या घरात शिरून सराव करत होता. आज गणकयंत्र, उद्या आईचं पुस्तक! ज्या हजारो अनोळखी माणसांना मी चार वर्षं जीव लावला, त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे मी त्या क्षणी संशयाने पाहिलं.

शुक्रवारी मी सापळा लावला. "मी बाहेर जातेय," असं मोठ्याने सांगितलं, चपला वाजवल्या, दार आपटलं आणि परत आत येऊन पुढच्या खोलीत अर्धवट शिवलेल्या फ्रॉकच्या रांगेमागे लपले. तिथून आतल्या खोलीतला कॉम्प्युटर दिसतो. क्लास सुटला होता, आई स्वयंपाकघरात पडली होती. फ्रॉकना टाचण्या लावलेल्या असतात, ही गोष्ट मी विसरले होते. पहिल्या दोन मिनिटांत तिन्ही बाजूंनी आठवण झाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाबांच्या तोंडावरचं वर्तमानपत्र हललं. बाबा उठले. वर्तमानपत्राची घडी घातली. मॉनिटरवरचा टॉवेल काढला, त्याचीही घडी घातली. चष्मा लावला. कपाटावरून लाल कापडी बांधणीची एक लांबलचक वही काढली. मग काळी खिडकी उघडून, दोन बोटांनी, अक्षरं कुठे जातात याची अजिबात चौकशी न करता पासवर्ड टाकला.

"बाबा!"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "शू. मोजणी चुकेल."

"हे काय चाललंय?"

"प्रत्यक्ष पडताळणी. वर्षातून एकदा करायचीच असते. इथे एकदाही झालेली नाही."

मी वहीत डोकावले. अनुक्रमांक, वस्तूचं नाव, कुणी पाठवली, मागणी, उपयोग, शेरा. सहा रकाने, पट्टीने आखलेले. तुझ्या या प्रणालीतून एक हजार आठशे चौऱ्याहत्तर नग घरात आलेत, त्यातले चारशे बारा तपासून झाले, असं त्यांनी सांगितलं. मागणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: नाही, नाही, नाही. अधूनमधून एखादंच 'आहे'. आईच्या चित्रांच्या ॲपसमोर 'आहे', प्रिंटरसमोर 'आहे'.

"गणकयंत्र का काढलंत?"

"तुझी आई तोंडी करते, मी कागदावर करतो. तू करतच नाहीस."

"आणि पत्त्यांचा खेळ?"

"कुणी मागवला होता?"

"ते सोबत येतं, बाबा!"

"सोबत येणाऱ्यांनाच आम्ही डेपोच्या फाटकावर थांबवायचो. शिवाय माल कमी होता. वर्णनात लिहिलंय चौदा खेळ. मी मोजले, तेरा. मी त्याला कळवलं."

"कुणाला कळवलंत?"

"त्या खेळाच्या भांडारपालाला. प्रत्येक नगाला एक माणूस नेमलेला आहे. नाव आहे, ईमेलचा पत्ता आहे. तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. प्रबंधात त्यावर एक प्रकरण होतं. पण त्या माणसाला पत्र लिहायचं असतं, हे कुठल्याच सभेत कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी फोनवर पत्रं दाखवली. पाच दिवसांत नऊ पत्रं, डेपोच्या इंग्रजीत: आपला माल मिळाला, मागणी नव्हती, परत करीत आहे, पोच द्यावी. नवांपैकी सहा जणांनी पोच दिली होती. पत्त्यांच्या खेळाच्या भांडारपालाने तर चौदाचे तेरा केले होते, दिलगिरी व्यक्त केली होती, आणि तिसऱ्या पत्रात, आपण पोटापाण्यासाठी एका बंदरावर जहाजातला माल मोजतो, असं कळवलं होतं. त्यानंतर दोघांचं मोजणीवरच बोलणं चाललं होतं.

"चांगला माणूस आहे," बाबा म्हणाले. "अजून पूर्ण खात्री नाही. पण चांगला वाटतो."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मी चिडले. चार वर्षं मी या लोकांसाठी घोषणा दिल्या, आणि त्यांच्यापैकी एकाचंही मला पत्र नव्हतं. (हे मी त्या वेळी कबूल केलं नसतं. त्या वेळी मी सुरक्षेबद्दल बोलले.)

"बाबा, असं मधूनच काहीतरी काढलं की मागे तुकडे उरतात. कचरा साठतो. हटा, मी साफ करते."

"थांब. एकतिसाव्या नगासमोर शेरा आहे, तो आधी वाच."

"नंतर वाचीन."

"आधी वाच गं."

"बाबा, मी हे शिकून आलेय!"

आणि मी साफसफाईची आज्ञा दिली. ही आज्ञा, नको असलेलं सगळं शोधून काढते आणि मग विचारते, काढू का? ते विचारणं मला नेहमीच कंटाळवाणं वाटतं. म्हणून मी आज्ञेतच आगाऊ 'हो' लिहून टाकलं. पडद्यावरून नावं धावायला लागली. वर, वर, वर, वाचता न येण्याइतक्या वेगाने.

"बघा," मी अभिमानाने म्हणाले, "किती कचरा होता!"

बाबा बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. "तीनशे बारा," नावं थांबल्यावर ते म्हणाले. "एवढा कचरा नव्हता."

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, माउसचा बाण नाही.

बाबांनी वही उघडून एकतिसाव्या नगाचा शेरा मोठ्याने वाचला. "पत्त्यांच्या खेळाबरोबर एक यादीही जाते, असे त्याचा भांडारपाल कळवतो. यादी म्हणजे पडद्यावरच्या मुख्य सामानाचा एकच कागद. कागद गेल्याने सामान जात नाही. मात्र यानंतर साफसफाई करू नये. कागद नसल्यामुळे झाडणाऱ्याला सगळं सामान कचरा वाटेल."

"झाडणाऱ्याला," असं ते पुन्हा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मोठेपणा त्यांचा.

तेवढ्यात आई उठून आली. "वीज गेली का?"

"नाही, आई."

"मग हे असं काळं का? मला शेवटची आकृती बघायचीय. बाराबंदीची कड." ती थांबली. "माझं पुस्तक कुठंय?"

"आहे. फाइल जागेवर आहे, आई. अगदी आहे. फक्त ती दाखवणारं जे असतं ना, ते गेलंय."

"कुठे?"

"काढलं गेलं."

"कुणी काढलं?"

बाबा वहीत बघत राहिले. मी म्हणाले, "मी."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गळ्यातली टेप काढली आणि ती बोटाभोवती गुंडाळायला लागली. पूर्ण गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली. "उद्या दहाला द्यायचंय," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. पहिल्या बॅचच्या मुली विचारतात अजून, बाई पुस्तक कधी." मग ती उठली आणि चपला शोधू लागली. "मी फॉरमॅटला बोलावते."

"नको!" मी आणि बाबा एकदम ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एखाद्या बाबतीत इतकं एकमत झालं असेल. फॉरमॅट आला असता तर त्याने आपलं काम चोख केलं असतं, आणि मग फाइलसुद्धा राहिली नसती.

"मग तू कर," आई मला म्हणाली. "शिकून आलीयस ना?"

मी त्या लुकलुकत्या रेघेसमोर बसले. मुक्त प्रणाली आणि नागरिकाचं स्वातंत्र्य यावर मला दोन तास बोलता येतं. पण त्या रेघेला बोलण्यात रस नव्हता. तिला नाव हवं होतं, नेमकं, एकेका अक्षराचं. तीनशे बारा नावांपैकी मला तीन आठवत होती. त्यातलं एक चुकीचं होतं.

"सरक," बाबा म्हणाले. ते फोनवर लिहीत होते. "त्याला विचारतो. ओळखीचा आहे."

साडेचार वाजले होते. पत्र गेलं. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. आईचा विश्वास नव्हता. "बंदरावरचा माणूस. पत्त्यांच्या खेळाचा. त्याला काय पडलंय आपल्या पुस्तकाचं?"

"काही पडलेलं नसेल," बाबा म्हणाले. "पण मोजणी अर्धवट राहिली की त्यालाही झोप येत नाही."

पाच दहाला उत्तर आलं. बाबांनी ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. "आदरणीय भांडारपाल साहेब, आधी ती यादी परत मागवा. ती आली की बाकीचं सामान तिच्यामागून येईल. तुमच्या पत्नीचं चित्रांचं ॲप जागेवरच असेल, कारण ते तुम्ही स्वतः मागितलं होतं. मागितलेलं सामान साफसफाईत जात नाही. जातं ते फक्त न मागता आलेलं. ताजा कलम: आधीच 'हो' कुणी लिहिलं होतं?"

"बघ," बाबा म्हणाले. "मागणी असली की असं असतं." ताज्या कलमाचं उत्तर त्यांनी काय दिलं ते मला दाखवलं नाही. पण लिहायला बराच वेळ लागला.

यादीचं नाव वहीत होतं. मी आज्ञा टाकली. पडद्यावर नावं आली, भिंतीसारखी उभी, आणि खाली प्रश्न: पुढे जायचं का? माझं बोट सवयीने 'हो'कडे गेलं.

"वाच," बाबा म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. मोठ्याने."

मी वाचली. तीनशे बारा नावं, एकेक करून, पान मागे सरकवत. बाबा वहीत खूण करत होते. आई डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "हा कोण?" मला माहीत नसायचं. बाबा वहीत बघून सांगायचे, "हा अक्षरं काढतो. हा प्रिंटरशी बोलतो. हा नुसता घड्याळ दाखवतो, पण चांगलं दाखवतो." दीडशेच्या पुढे आईसुद्धा ओळखू लागली. "हा त्या मघाच्याचा भाऊ ना?" चार वर्षं मी ज्यांना 'समुदाय' म्हणत होते, त्यांच्याशी माझी पहिली ओळख त्या संध्याकाळी झाली, आणि ती करून दिली माझ्या संशयी बाबांनी.

शेवटचं नाव वाचून झाल्यावर बाबांनी मान हलवली. मी 'हो' लिहिलं. साडेसात वाजता पडदा उजळला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने माउस हातात घेतला, फाइल उघडली, आकृत्या मोजल्या. चौसष्ट. मग कोपऱ्यातला चौकोन छापला, टेप लावली.

"पाच," ती म्हणाली. टेप आडवी केली. "पाच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तू लांब बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती प्रेसकडे निघाली. पिशवीत एक नाही, दोन पेनड्राइव्ह, सगळी पानं कागदावर छापून घेतलेली, आणि टेप. प्रेसवाल्याच्या मशिनवरही चौकोन मोजूनच देणार होती. बाबा सोबत गेले, पोच घ्यायला.

घरात मी आणि कॉम्प्युटर. मी टॉवेल काढला, घडी घातली, आणि रात्रीपासून मनात होतं ते ठरवून टाकलं: माझ्या खात्यातून प्रशासकाचा अधिकार काढून घ्यायचा. यापुढे या घरात काही आणायचं किंवा काढायचं तर बाबांना विचारून. प्रणालीने विचारलं, खात्री आहे का? मी तो प्रश्न तीन वेळा वाचला. मग 'हो' म्हटलं.

बदल वहीत नोंदवायला हवा, म्हणून मी लाल वही उघडली. शेवटच्या पानावर 'वापरणारे' असा नवा मथळा होता, शाई ताजी होती. पहिला नग, पत्नी. दुसरा, स्वतः. तिसरा मी.

नाव : मुलगी. कुणी पाठवली : स्वतःहून आली. मागणी : आधी 'नाही' लिहिलेलं, ते खोडून वर 'आहे, दोघांची'. उपयोग : अजून स्पष्ट नाही. शेरा : लक्ष ठेवावे.

शेवटच्या दोन रकान्यांवर हरकत नोंदवायला मी पेन उचललं. उपयोगाच्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीतरी पाच मिनिटं शोधलं. मग मागणीचा रकाना पुन्हा एकदा वाचला, आणि त्या नोंदीखाली 'वाचून मान्य' असं लिहून सही केली.